आधी सांगा, नॉर्मल की सिझर?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कवितेचा माणूस. इतिहासावर बोलायला मला सहसा कुणी बोलावत नाही, आणि बाळंतपणाच्या गोष्टी पुरुषाने बोलू नयेत असा तर आमच्या मेढ्यात अलिखित नियमच आहे. तो आज मोडतो आहे. कारण घरचंच आहे, ते आधी सांगतो.

२०१८ सालच्या जुलैमध्ये माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मेढ्याचा पाऊस तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जावळीच्या डोंगरातून तो उतरला की वेण्णा फुगते, केळघरच्या घाटात दरडी येतात आणि घरातले कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत. अशाच एका रात्री तिला कळा सुरू झाल्या. साताऱ्याला नेलं. चौदा तास गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, बाळाचे ठोके कमी होताहेत, आता थांबता येणार नाही. जावयाने सही केली. तासाभराने नात माझ्या हातात होती. तिच्या कानात अजान देताना माझा आवाज कापला, हे कबूल करायला हरकत नाही.

घरी येऊन बर्फी वाटली. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, त्यामुळे काय झालं हे विचारावं लागत नाही. म्हणूनच की काय, प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : नॉर्मल की सिझर? किराणा दुकानदाराने विचारलं, मशिदीच्या पायरीवर विचारलं, एसटी स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरने विचारलं. सिझर म्हटलं की समोरचा चेहरा किंचित उतरायचा. मग, 'असू दे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?' हे 'असू दे' मला ओळखीचं वाटत होतं. दहावीला नापास झालेल्या मुलाच्या बापाला लोक असंच म्हणतात.

माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, तेव्हा ऐंशी वर्षांची होती. तिची सात बाळंतपणं झाली, सगळी आमच्याच माजघरात. तीन मुलं लहानपणीच गेली. लेक-नात घरी आल्यावर नात्यातल्या बायका बघायला आल्या तेव्हा अम्मा सहज बोलून गेली, "आताच्या पोरींना कळा सोसवत नाहीत. पोट फाडून काढलं, त्यात हिनं काय केलं?" आतल्या खोलीत मुलगी बाळाला पाजत होती. तिने ते ऐकलं. सव्वा महिन्याने ती सासरी गेली तेव्हा तिकडच्या बायकांना तिने सांगून टाकलं की बाळंतपण नॉर्मल झालं. मला हे वर्षभराने कळलं. चौदा तास कळा सोसून, वर पोटाला टाके घेऊन आलेली पोर खोटं का बोलली, या एका प्रश्नापायी मी त्या वर्षी ग्रंथालयात बसलो, डॉक्टर मित्रांना पिडलं आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या शिव्याही खाल्ल्या.

माझं हत्यार शब्द, म्हणून सुरुवात तिथूनच केली. मराठीत बाळंतपणाला फार सुंदर शब्द आहेत. बाई 'सुटली' म्हणतात, 'मोकळी झाली' म्हणतात, 'हातीपायी सुटका झाली' म्हणतात. म्हणजे बाळ जन्माला येणं ही आपल्या भाषेत आधी आईची सुटका आहे. उलट झालं की बाई 'अडली'. या 'अडली'त मागच्या हजारो वर्षांची भीती आहे. आणि सिझरला गावात काय म्हणतात? 'फाडलं.' मयताला सिव्हिलला पोस्टमॉर्टेमसाठी नेतात तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो, 'फाडायला नेलंय.' जिवंत बाईच्या पोटातून जिवंत मूल काढण्याला आणि प्रेताच्या चिरफाडीला एकच क्रियापद. मला आधी वाटलं हा भाषेचा अडाणीपणा. आता तसं वाटत नाही. भाषेला काहीतरी आठवत होतं.

आणि 'नॉर्मल' हा शब्द तर दवाखान्यानेच दिला. माझ्या आजीच्या काळात नॉर्मल नव्हतं, नुसतं बाळंतपण होतं. एकीला नॉर्मल म्हटलं की दुसरी आपोआप बिघडलेली ठरते. उत्तरेकडच्या उर्दूत सिझरला 'बडा ऑपरेशन' म्हणतात. त्यात धसका असला तरी निदान कमीपणा नाही.

भाषेला काय आठवत होतं ते शोधत गेलो तर वाट थेट स्मशानात गेली. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचा, म्हणजे अडलेल्या गर्भाचा विचार आहे. तिथे सांगितलं आहे की आई एकाएकी मेली आणि पोटात गर्भाची हालचाल दिसत असेल तर वैद्याने वेळ न घालवता पोट चिरून मूल बाहेर काढावं. पोट चिरायचं, पण आई मेल्यावर. धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही गर्भवतीच्या अंत्यविधीत हे प्रकरण येतं. आमच्या फिकहच्या ग्रंथांतही हाच प्रश्न चर्चिला आहे आणि पोटातलं मूल जिवंत असेल तर मृत आईचं पोट चिरायला हनफी, शाफई विद्वानांनी परवानगी दिली आहे. प्राचीन रोममध्ये नूमा राजाच्या नावावर सांगितला जाणारा एक कायदा होता : गर्भवती मेली तर मूल काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही. म्हणजे ज्यांचं एकमेकांशी कशातच पटलं नाही, त्या सगळ्यांच्या शास्त्रांत सुरी एकाच दाराने आत आली.

सिझर म्हणताना आपण ज्या ज्युलियस सीझरचं नाव घेतो, तो बिचारा तसा जन्मलेलाच नसावा. त्याची आई ऑरेलिया तो मोठा सेनापती होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी पोट चिरलेली आई जगत नसे. शब्द 'कापणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला असेल असं जाणकार सांगतात. पण गोष्टीला कोण थांबवणार? अल्-बिरूनीच्या एका ग्रंथाचं १३०७ सालचं हस्तलिखित एडिंबरा विद्यापीठात आहे, त्यात सीझरच्या जन्माचं चित्रच काढलेलं आहे.

आपल्याकडेही अशी गोष्ट आहे. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वात चाणक्य चंद्रगुप्ताला सवय व्हावी म्हणून त्याच्या जेवणात थोडं थोडं विष घालत असतो. गरोदर राणी दुर्धरा त्याच ताटातलं खाते आणि मरते. चाणक्य तिचं पोट चिरून मूल काढतो. विषाचा एक बिंदू बाळाच्या कपाळाला लागलेला असतो, म्हणून नाव बिंदुसार. पुढे तो सम्राट होतो, त्याच्या पोटी अशोक येतो. दुर्धरेचं पुढे काही नाही. गोष्ट तिला तिथेच टाकून पुढे निघते.

एका गोष्टीत मात्र आई जगते, आणि ती गोष्ट मला माझ्या विद्येतून मिळाली. बी.ए.ला मी फारसी घेतली होती, परीक्षेपुरतीच. हजार वर्षांपूर्वी, १०१० च्या सुमारास फिरदौसीने 'शाहनामा' पुरा केला. त्यात झाल या वीराची बायको रूदाबा अडते. मूल प्रचंड आहे. झाल सीमुर्ग पक्ष्याचं पीस जाळतो आणि सीमुर्ग येतो. आता पक्षी काय सांगतो ते ऐका. धारदार पातं घेऊन जाणता पुरोहित आणा. रूदाबेला मद्य पाजून गुंगी आणा, म्हणजे तिला भीती वाटणार नाही. कूस चिरा, मूल काढा, मग जखम शिवा. अमुक वनस्पती दूध आणि कस्तुरीत वाटून लावा, वरून माझं पीस फिरवा. भूल आली, शस्त्र आलं, टाके आले, मलमही आलं. रूदाबा एक दिवस आणि एक रात्र झोपते. जागी होते तेव्हा पहिला उद्गार काढते तो 'सुटले' अशा अर्थाचा. सुटण्याच्या फारसी क्रियापदाशी फिरदौसीने मुलाचं नाव जोडलं आहे : रुस्तम. इराणचा सर्वांत मोठा वीर. आईच्या सुटकेचं नाव मुलाला मिळालं. आजच्या फारसीत या शस्त्रक्रियेसाठी रुस्तमच्या नावावरून केलेला शब्दही आहे. आमच्या मेढ्यात रुस्तम नावाचे दोघे होते. त्यांच्या नावात बाळंतीण आहे हे त्यांना कधी सांगता आलं नाही, याची चुटपुट आहे.

पण तो पक्षी झाला. माणसांच्या हातून हे व्हायला आणखी साडेआठशे वर्षं गेली. युरोपात एकोणिसाव्या शतकातही पोट चिरलेल्या बहुतेक बायका मरत. रक्तस्रावाने आणि सडण्याने. डॉक्टर वरचं पोट शिवत, गर्भाशय मात्र तसंच उघडं ठेवत. १८७६ मध्ये इटलीच्या पोरो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकायचा मार्ग काढला. आई वाचू लागली, पण पुढे मूल नाही. १८८२ मध्ये जर्मनीच्या सेंगर यांनी गर्भाशयाला आतून नीट टाके घालून दाखवले, आणि तिथून खरं आजचं सिझर सुरू झालं. जंतुनाशकं, सुरक्षित भूल, रक्त देण्याची सोय, पेनिसिलिन या सगळ्यांची साथ त्याला मिळत गेली. ही पायरी पायरी सांगत बसत नाही. दोन अपवाद मात्र सांगायलाच हवेत. १८२६ मध्ये केपटाऊनला ब्रिटिश लष्करातले सर्जन जेम्स बॅरी यांनी केलेल्या सिझरमध्ये आई-मूल दोघंही जगली. १८६५ मध्ये बॅरी वारले आणि कळलं की हे डॉक्टर जन्माने स्त्री होते. आणि १८७९ मध्ये आजच्या युगांडात फेल्किन नावाच्या प्रवासी डॉक्टरने तिथल्या वैद्याला सिझर करताना पाहिलं. त्याने केळ्याच्या दारूने बाईला गुंगी आणली, हात आणि पोटही त्याच दारूने धुतलं, तापल्या लोखंडाने रक्त थांबवलं. आई जगली. ज्यांना रानटी म्हणत होते त्यांना ते येत होतं.

कळा सोसण्याचा आग्रह तरी फक्त आमच्या अम्माचा होता का? १८४७ मध्ये सिम्पसन यांनी एडिंबऱ्यात बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा वेदना ही देवाने स्त्रीला लावून दिलेली आहे, ती काढणारे तुम्ही कोण, असं म्हणणारे तिथेही निघाले. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनेच क्लोरोफॉर्म घेतला, मग कुरकुर कमी झाली. आमच्याकडे मरियमची गोष्ट आहे. कुरआनात ती एकटीच, कळांनी व्याकूळ होऊन खजुराच्या बुंध्याशी येते आणि आपण आधीच मेलो असतो तर बरं असं म्हणते. तिला कुणी रागावत नाही. तिला खजूर मिळतो, पाणी मिळतं. कळांचा गौरव करणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा, एवढंच म्हणतो.

आता आपल्या मुलखाकडे येतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला का गेल्या हे शाळेत शिकवतात. त्यांचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी. होताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. सुश्रुताचा मूढगर्भ आणि अमेरिकेचं शस्त्रक्रियागृह या दोन्हींच्या मधे उभी राहिलेली ती पहिली मराठी बाई. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती गेली. आमच्या बाजूला शस्त्रक्रिया म्हणजे मिरज. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि 'मिरजेला न्या' हा सातारा-सांगलीच्या खेड्यांतला शेवटचा उपाय झाला. पण मिरजेला पोचायला आधी डोंगर उतरायला हवा.

जावळीतले पुरुष मुंबईला माथाडी. गावात बायका, म्हातारे आणि पाऊस. बाई अडली की सुईण येई, तिला जमेना तर डोली. बांबूला घोंगडं बांधून चौघं खांद्यावर नेणार. आमच्या घरी अशा वेळी आणखी एक वस्तू मागायला लोक येत : मरियमबूटी. हज करून येणारे ती आणत. मुठीसारखी मिटलेली वाळकी वनस्पती, पाण्यात टाकली की हळूहळू उलगडते. ती उलगडेल तशी बाई सुटेल अशी श्रद्धा. माझ्या आजोबांच्या चुलत्यांनी ती मुंबईहून बोटीने हजला जाऊन आणलेली. ती वाटी सगळ्या जातींच्या घरांत फिरली. कुणी धर्म विचारला नाही. अडलेल्या बाईच्या घरात धर्म विचारायला सवड नसते.

आता अम्माची गोष्ट. मुलगी खोटं बोलली हे कळल्यावर मी अम्मावर चिडलो. ती काहीच बोलली नाही. दोन-तीन दिवसांनी रात्री लाइट गेली होती, तेव्हा तिने आपणहून सांगितलं. तिची थोरली बहीण, माझी खाला, कोयनेच्या खोऱ्यात दिलेली होती. ते गाव आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे. १९५७ च्या पावसात खाला अडली. दोन दिवस वाट पाहून डोलीत घातलं, डोंगर ओलांडून रात्री मेढ्यात आमच्या घरी आणलं. सकाळी साताऱ्याला न्यायचं ठरलं. अम्माने वाटीत मरियमबूटी टाकली. बूटी पहाटेपर्यंत पूर्ण उलगडली. खाला आमच्या सोप्यात पहाटेच गेली.

अम्मा तेव्हा एकोणीस वर्षांची. ती म्हणाली, "मी तिच्या पोटावर हात ठेवला होता. ती गेली तरी आतलं हलत होतं. थोडा वेळ हलत होतं. मग थांबलं." सोप्यात पंधरा-वीस माणसं होती. सुरी घरात होती, बकरी ईदला धार लावलेली. कुणाचा हात पुढे झाला नाही, आणि होणार तरी कसा?

मी तेव्हा सुश्रुत आणि फिकह दोन्ही वाचून बसलो होतो. सगळे ग्रंथ सोप्यातल्या त्या माणसांना परवानगी देत होते. त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. मी अम्माला यातलं काही सांगितलं नाही.

गरोदरपणात, बाळंतपणात मेलेली बाई आमच्याकडे शहीद मानतात. शेजारच्या घरांत तिची अळवंतीण होते, हडळ होते, पाणवठ्यावर दिसते. खालाच्या बाबतीत दोन्ही झालं. मौलवीसाहेबांनी शहीद म्हटलं, आणि त्या वाटेने दिवस गेलेल्या बायका पुढे कित्येक वर्षं जात नव्हत्या, त्यात आमच्याही घरच्या होत्या. 'पोट फाडणे' हे शब्द अम्माच्या मनात कुठे ठेवलेले होते ते मला त्या रात्री कळलं. तिला सुरी म्हणजे मेलेल्या बाईजवळ येऊन थांबलेली वस्तू. तीच सुरी आपल्या नातीला लागली आणि नात उठून बसली, बाळाला पाजू लागली, याचा तिला मेळ लागत नव्हता. आणि ज्याचा मेळ लागत नाही त्याला माणूस नावं ठेवतो.

पण सगळ्यांच्या नावं ठेवण्यामागे अशी खाला नसते. मी म्हाताऱ्या बायकांशी बोललो, तरुण सासवांशीही बोललो. कारणं फार व्यवहाराची निघाली. भातलावणीला सून वाकणार कधी? पाण्याची घागर सहा महिने उचलायची नाही म्हणतात. पुढचं बाळंतपण पुन्हा सिझरच होणार, म्हणजे पुन्हा खर्च. एकदा सिझर म्हणजे कायम सिझर हे मत अमेरिकेतल्या क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ मध्ये मांडलं. आज योग्य देखरेखीत दुसरं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं असं तज्ज्ञ सांगतात, पण गावात क्रेगिनच चालतो. मुलं दोन-तीनवर थांबणार, हीही कुरकुर असते, आणि ती आमच्या मोहल्ल्यात जरा जास्त ऐकली, हे लपवत नाही. सुनेच्या पोटावरच्या टाक्याचा हिशेब असा घरातल्या कामाशी आणि पैशाशी लागतो. वर 'वांझेला काय ठाऊक वेणा' ही आपली जुनी क्रूर म्हण आहेच. पूर्वी ती मूल नसलेल्या बाईवर टाकत, आता मूल मांडीवर असलेल्या बाईवर टाकतात.

दुसरी बाजूही खरी आहे, ती झाकून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आहेत. १९९२-९३ मध्ये देशात शंभरात जेमतेम तीन बाळंतपणं सिझरने होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के. त्याच पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, आणि खासगीत ४७.४ टक्के. बाईच्या हाडांची ठेवण सरकारी दारातून खासगी दारात गेल्यावर बदलत नाही. मग हा फरक कशाचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की एखाद्या समाजात सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर त्यामुळे माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांना सिझरचे आकडे जाहीर करायला लावा अशी मागणी केली आणि लाखाहून अधिक लोकांनी तिच्यावर सह्या केल्या. मागणी योग्यच होती.

पण गंमत बघा. गरज नसताना केलेल्या ऑपरेशनचा जाब विचारायचा तो रुग्णालयाला. आपण तो विचारतो बाळंतिणीला. डॉक्टरचं बिल भरून येतो आणि घरी येऊन सुनेला म्हणतो, तुला कळा सोसवल्या नाहीत. टेबलावर पडलेल्या बाईला निर्णयात किती वाटा होता? माझ्या मुलीला तर कुणी विचारलंही नव्हतं, आणि त्या क्षणी विचारत बसायला वेळही नव्हता.

महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये दर लाख जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. हे सगळं सिझरने झालं असं मी म्हणत नाही. रस्ते झाले, मुली शिकल्या, २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझरसुद्धा मोफत झालं, २०१४ पासून १०८ ची गाडी दारात येऊ लागली. डोली गेली. पण त्या एकशे एकोणपन्नास आणि तेहतिसांच्या मधल्या बायकांत अडलेल्या किती असतील, हे आमच्या सोप्यात बसलं की मनात येतं.

२०२२ मध्ये मुलगी दुसऱ्यांदा माहेरी आली. या वेळी डॉक्टरांनी तारीखच दिली होती. अम्मा चौऱ्याऐंशीची, खाटेवरून फारशी उठत नव्हती. तिला तारखेचं नवल वाटलं. "जन्माची तारीख माणसानं ठरवायची?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी सकाळी आम्ही साताऱ्याला निघालो, तर तिने माझ्या बायकोला हाक मारून डबा काढायला लावला आणि वाटीभर पाण्यात मरियमबूटी टाकून खाटेजवळ ठेवून घेतली. ऑपरेशनच्या दिवशी बूटीचं काय काम, असं मला वाटलं, पण बोललो नाही.

अकरा वाजता मी फोन केला. नातू झाला होता. पुढचं बायकोने सांगितलं. शेजारच्या काकू लगेच आल्या. पेढ्यांची वाट पाहायची तरी, पण नाही, दारातूनच विचारलं, "नॉर्मल की सिझर?"

अम्मा म्हणाली, "सुटली."

काकूंना वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा मोठ्याने विचारलं.

"सुटली म्हणते ना," अम्मा म्हणाली. "हातीपायी सुटली. पोरगं झालंय. आत ये, च्या पी."

वाटीतलं पाणी तिने परसातल्या पेरूला घालायला लावलं. बूटी खिडकीत वाळत ठेवली होती. दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा मिटली, मग बायकोने ती डब्यात भरून फडताळात ठेवली.